दोन सूर उतरवून

जरीपटक्याच्या दुकानात बाबांनी पेटी केली,
कूलर करतात तशीच.
वीस गेजचा पत्रा, कोपऱ्यांना रिबिटा,
आत गादीऐवजी ताट्यांचा वाळा,
गेल्या उन्हाळ्यातला, उरलेला.
"बाजारात तेरा हजार सांगून राहिले बाप्पा, रिकाम्या खोक्याचे!"
आणि गिटारचं माप घेतलं कंबरेपासून,
शिंपी घेतो तसं, जरा लाजून.

मोहन नगरहून ऑगस्टिन मास्तर पाहायला आले.
पेटीवर टिचकी मारली. पेटी घुमली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
निघताना, स्कूटरला किक मारता मारता:
"तारा दोन सूर उतरव.
विमानाच्या पोटात थंडी असते.
ताणलेली मान तिथंच तुटते."

रात्री खुंट्या फिरवल्या, एकेक.
प्रत्येक तार कुरकुरत खाली आली
आणि कुठल्याच सुरात नसलेल्या जागी
थांबली.

विमान पहाटे पावणेचारचं.
सोनेगावच्या काचेच्या दाराशी
शिपाई म्हणाला, तिकीटवाला तेवढा आत.
मी आत. पेटी आत.
आई-बाबा बाहेर, डासांत.

काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर मृण्मयी उमरेडकर.
"सर, यात मशीन आहे का?"
"गिटार."
"पण हा तर..." तिला शब्द सापडेना.
मागच्या काकांना सापडला:
"कूलर नेऊन राहिला का भाऊ, दोहाले?"
रांग हसली. मीही हसलो,
रांगेपेक्षा जरा जास्तच वेळ.

वजन एकोणीस किलो.
त्यात गिटार दोन.

फोन वाजला. काचेपलीकडून बाबा.
"काय म्हणते थे?"
"वजन जास्त म्हणते."
बाबा माझ्याकडे पाहत होते, फोन कानाशी,
बोलत नव्हते.
मग, "चोवीस गेजचा घ्याले पाह्यजे होता.
माह्यंच चुकलं."
"नाही हो बाबा."
"पैसे आहेत ना?"
"आहेत."
होते, मास्तरांनी नव्या तारांसाठी दिलेले.

मग एक कागद.
मोडली, चिरली, हरवली,
तर कंपनी जबाबदार नाही, सही करा.
शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर
बाबांची सही मीच करायचो, चोरून.
गजभियेमधल्या ग चं ते वळण
हातातून अजून गेलेलं नाही.
केली सही.
पट्टा सुरू झाला आणि पेटी,
रबरी पडद्यांना धडकत,
तिरपी होऊन आत गेली.

वर गेल्यावर लोक झोपले.
मी पायांखाली ऐकत राहिलो.
इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार?
तरी.

दोह्याला कस्टमवाल्याने चिमूटभर वाळा काढला,
हुंगला, दुसऱ्याला हुंगायला दिला.
काहीतरी बोलले आपसात,
आणि शिक्का मारला.

हॉटेलमागची आमची खोली तिघांची.
नेगोम्बोचा ड्रमवाला, एक मणिपुरी गायक, मी.
ऑगस्ट. समुद्र दिसत नाही,
पण हवा ओली, भिंतींना चिकट.
मध्यरात्री पेटी उघडली.
मान शाबूत. पाठ शाबूत.
आणि वाळा आपोआप भिजलेला,
पंप नाही, पाणी नाही,
खोलीभर एप्रिलचा तो वास,
कूलर पहिल्यांदा सुरू करतो त्या दुपारचा.

"कसला वास?" ड्रमवाल्याने पांघरुणातून विचारलं.
"कूलरचा."
"खोलीत एसी आहे," तो म्हणाला
आणि कूस वळला.

तारा अजून उतरलेल्याच होत्या.
अंगठा फिरवला. काहीतरी वाजलं,
सैल, जाड, झोपेतल्या माणसाने
हाक द्यावी तसं.

बाबांना फोन लावला. तिकडे पहाट.
"पोचली का?"
"पोचली."
"पत्र्याले घाम आला असन."
हात फिरवून पाहिला. "आला."
"मंग फडक्यानं पुसून घे आधी," ते म्हणाले,
"गंज धरन."